खुर्चीतून उठण्यापासून सुरुवात : साठीनंतर स्नायू राखण्यासाठी घरच्या घरी

मिरजेत एका ओळखीच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. यजमान ७१ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारा माणूस, पावसाळ्यातही छत्री घेऊन निघणारा. कथा संपली, आरतीसाठी सगळे उभे राहिले आणि सरांना पाटावरून उठता येईना. त्यांनी एक हात चौरंगाकडे नेला, चौरंग हलेल हे लक्षात येताच मागे घेतला. शेवटी मुलाने काखेत हात घालून उठवलं. आरतीभर ते टाळ्या वाजवत होते, पण चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला, "अहो मॅडम, मी रोज चालतो. मग हे असं का व्हावं?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अठरा वर्षं सांगली-मिरजेत घरोघरी जाऊन ज्येष्ठांचे व्यायाम घेते. सरांचा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकू येतो, आणि तो विचारेपर्यंत बऱ्याच जणांची दहा-पंधरा वर्षं निसटून गेलेली असतात. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे. ज्यांनी आयुष्यात कधी व्यायाम केलेला नाही, त्यांनीही यातून उद्या सकाळी सुरुवात करावी.

चालूनही पाय का कमजोर होतात

चालणं उत्तमच. हृदयाला, साखरेला, झोपेला, मनाला त्याचा फायदा होतो. ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंना आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरावा लागतो. पाटावरून उठताना मात्र पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यातून जवळजवळ सगळं अंग वर उचलायचं असतं. स्नायू मोठा हिशेबी असतो. जेवढं काम त्याच्याकडून मागाल तेवढीच ताकद तो सांभाळतो, बाकीची सोडून देतो.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वजन साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं. साठीनंतर हा वेग वाढतो आणि ताकद तर वजनापेक्षाही भरभर उतरते. १९८९ मध्ये अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव.

स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक सावकाश आणि चिवट, उभं राहण्या-चालण्याचे. दुसरे झटपट आणि जोरकस. उंबऱ्याला ठेच लागली की पाय चटकन पुढे टाकून आपण तोल सावरतो तो या दुसऱ्यांच्या जिवावर. वयाबरोबर जास्त झिजतात तेही हेच, आणि रमतगमत चालण्यात त्यांची पाळी फारशी येतच नाही. सरांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

आता आणखी आत, पेशीत डोकावू. शाळेत आपण 'तंतुकणिका' शिकलो होतो, पेशीतलं ऊर्जेचं केंद्र. बैठ्या जीवनात आणि उतारवयात त्यांची संख्या घटते, आणि ज्या उरतात त्यांतल्या बऱ्याच जुनाट, कमी कामाच्या होतात. व्यायामाने स्नायू दमला की पेशीला नव्या तंतुकणिका बनवण्याचा निरोप जातो आणि बिघडलेल्या मोडीत काढण्याच्या कामालाही चालना मिळते. पेशीने आपलाच कचरा मोडून पुन्हा वापरण्याच्या या यंत्रणेला ऑटोफॅजी म्हणतात. तिच्या अभ्यासासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. स्नायूतंतूंच्या कडेला काही राखीव पेशीही निजलेल्या असतात. ओझं पडलं की त्या जाग्या होतात आणि दुरुस्तीला लागतात.

साखर असलेल्यांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी. इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेपैकी सुमारे ८० टक्के साखर आपल्या स्नायूंत जाते. स्नायू कमी, म्हणजे साखर ठेवायला जागाच कमी.

आणि "आता या वयात काय होणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास. १९९० मध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या, नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या अडीचपटीहून जास्त झाली. नव्वदीतल्या माणसांची! मी हा आकडा प्रत्येक घरी सांगते.

आधी डॉक्टरांना कोणी विचारायचं

छातीत दुखतं, थोडं चाललं तरी धाप लागते, मध्येच अंधारी येते, रक्तदाब आटोक्यात नाही, गेल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया झाली आहे, हर्निया आहे, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झाला आहे, किंवा हाडं ठिसूळ होऊन मणका दबला आहे, अशांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. विचारताना "व्यायाम करू का?" असं मोघम विचारू नका, "थोडं थोडं वजन उचलण्याचा व्यायाम करू का आणि काय टाळू?" असं विचारा. मोघम प्रश्नाला "चाला हळूहळू" एवढंच उत्तर मिळतं.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी ठेवावी.

पहिली पायरी : आज आपण कुठे आहोत ते मोजा

वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. आपल्याकडची किती तरी माणसं अशीच वरून सडपातळ दिसतात, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे. काटा त्यांना "छान आहे" म्हणतो.

त्यापेक्षा खुर्ची घ्या. साधी, चाकं नसलेली, बसायची जागा जमिनीपासून साधारण १७ इंच उंच. फरशीवर प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवा. हात छातीवर एकमेकांवर ठेवा. घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर ३० सेकंद लावायला सांगा. तेवढ्यात किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. हाताचा आधार घ्यावा लागला तर आकडा शून्य. वाईट वाटून घेऊ नका, शून्यावरून सुरुवात केलेली बरीच माणसं माझ्याकडे आहेत.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने घालून दिलेल्या मापाप्रमाणे ६० ते ६४ वयात पुरुषांचे १४ पेक्षा आणि स्त्रियांचे १२ पेक्षा कमी आले तर पाय कमजोर समजतात. ६५ ते ६९ ला ही रेघ १२ आणि ११, ७० ते ७४ ला १२ आणि १०, ७५ ते ७९ ला ११ आणि १०, ८० ते ८४ ला १० आणि ९. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या सरांचे नऊ आले.

दुसरं माप शिंप्याच्या टेपने. पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवल्याप्रमाणे पुरुषांची पोटरी ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांची ३३ पेक्षा कमी भरली तर स्नायूंची झीज तपासून घ्यावी. पायाला सूज असेल तर हे माप फसवतं.

तिसरं, ओट्याजवळ एका पायावर उभं राहून बघा, दहा सेकंद टिकता का ते. हात ओट्यापासून वीतभरच लांब असू द्या.

तिन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा. माझ्या आईने हे आकडे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी लिहिले. तीच जागा सगळ्यात चांगली, कारण वही कपाटात जाते आणि विसरली जाते.

दुसरी पायरी : पहिले दोन आठवडे फक्त खुर्ची

नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी आठ व्यायाम देत नाही. एकच देते, पण तो नीट करून घेते. वर मोजायला वापरलेलं उठणं-बसणं हाच तो व्यायाम. तालमीतल्या बैठकांचं हे धाकटं भावंड.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरकून बसा. पाय खांद्याइतके फाकलेले, तळवे पूर्ण टेकलेले, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. बहुतेक सगळे इथेच चुकतात. पाय पुढे पसरलेले ठेवतात आणि मग हिसका देऊन उठायला बघतात. आता कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. टाचांवर भार द्या, श्वास सोडत उभे राहा. वर गेल्यावर पूर्ण ताठ व्हा, नितंब आवळा. गुडघे आत एकमेकांकडे ओढले जात असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा.

खाली बसणं हा व्यायामाचा खरा मोलाचा भाग. मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. आईला मी हे शिकवत होते तेव्हा ती शेवटच्या चार इंचांत दर वेळी अंग सोडून द्यायची. मी खुर्चीवर एक पापड ठेवला आणि म्हटलं, "हा मोडायचा नाही." पापड शेवटी मोडायचाच, पण त्या दिवसापासून तिचं बसणं सुधारलं.

उठायला अजिबात जमत नसेल तर खुर्चीवर उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा. तरीही जड गेलं तर दोन्ही हात मांड्यांवर दाबून उठा. आठवड्याभराने गोधडीची एक घडी कमी करा.

आठ ते दहा वेळा, मग दीड-दोन मिनिटं आराम, असे दोन फेरे. एक दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस. मधल्या दिवशी स्नायू आपली डागडुजी करतो, तो दिवस खाऊ नका. किती जोर लावायचा याची खूण सोपी आहे. "अजून फार तर दोन जमतील" असं वाटलं की थांबायचं. दहा झाले तरी गप्पा मारत हसत असाल तर व्यायाम हलका आहे, आणि हलक्या व्यायामाने झटपट तंतूंना जागच येत नाही. श्वास मात्र कधीही रोखून धरू नका, रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना कळ जाणवेल. हे अपेक्षित आहे, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, गुडघा सुजला किंवा सांध्याचं दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढतच राहिलं तर बैठक उंच करा, फेरे कमी करा आणि तरी थांबलं नाही तर दाखवा. "माझे गुडघे झिजलेत, मी कसं करू?" असं विचारणाऱ्यांना मी मनापासून सांगते, मांडीचा स्नायू गुडघ्याचा भार वाटून घेतो. गुडघेदुखीच्या उपचारात व्यायाम पहिल्या ओळीत आहे, शेवटच्या नाही.

तिसरी पायरी : चार व्यायामांची भर

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीला जोड द्या. सगळं स्वयंपाकघरात किंवा दिवाणखान्यात होतं.

ओटा धरून चवड्यांवर उभं राहणं. दोन मोजत वर, तीन मोजत खाली, बारा ते पंधरा वेळा. पोटऱ्या आकसल्या की पायातलं रक्त वर ढकललं जातं, त्यामुळे संध्याकाळी पाय जड होणाऱ्यांना हा व्यायाम विशेष मानवतो.

भिंतीचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेका, अंग फळीसारखं सरळ ठेवून कोपरं वाकवा आणि परत ढकला. भिंत सोपी झाली की ओट्याच्या कडेवर, नंतर पलंगाच्या कडेवर. ज्यांनी तरुणपणी तालमीत जोर काढलेत त्यांनाही मी भिंतीपासूनच सुरू करायला लावते, कारण मन पंचविशीचं असलं तरी खांदा सत्तरीचा असतो.

ओढण्याचा व्यायाम. हा जवळजवळ कोणीच करत नाही आणि पाठीला पोक यायचं ते एक मोठं कारण. डावा हात ओट्यावर टेकून किंचित वाका, उजव्या हातात दोन किलो तांदळाची पिशवी धरा आणि कोपर मागे नेत ती बरगड्यांपर्यंत ओढा. दहा वेळा, मग हात बदला. मणका दबलेल्यांनी वाकू नये. त्यांनी खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून खुर्चीत ताठ बसून ओढावं.

पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं. योगवर्गाला जाणारे याला सेतुबंधासन म्हणून ओळखतात. पलंगावर केलं तरी चालतं. वर पाच सेकंद थांबा, दहा वेळा.

आणि रोज, व्यायामाच्या दिवशीही आणि मधल्या दिवशीही, तोलाचा सराव. आधी एका पावलापुढे दुसरं पाऊल टाचेला चवडा लावून ठेवत उभं राहणं, मग एका पायावर. चहा उकळेपर्यंत किंवा कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभं राहायचंच असतं, तीच वेळ वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांवरच्यांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद यांचा मिळून सराव सांगितला आहे. या दिनक्रमात ते दोन्ही बसतं.

सूर्यनमस्कार घालणारे विचारतात, आम्हालाही हे लागेल का? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत, शाळाशाळांत नेले आणि त्यांच्या त्या ध्यासाचं आपल्यावर मोठं ऋण आहे. नमस्कार चालूच ठेवा. पण त्यात ओझं वाढत नाही, फक्त संख्या वाढते, आणि ओढण्याची क्रिया जवळजवळ नाहीच. म्हणून आठवड्यातून दोन दिवस खुर्ची आणि तांदळाची पिशवी त्याच्या जोडीला हवीच.

चौथी पायरी : ओझं वाढवा

माझ्याकडची निम्मी माणसं इथे अडकतात. दोन महिन्यांनीही तीच दहा उठाबशा, तीच दोन किलोची पिशवी. स्नायू त्या कामाला सरावतो आणि पुढची वाढ थांबते.

नियम असा ठेवा. कुठलाही व्यायाम लागोपाठच्या दोन व्यायाम-दिवशी प्रत्येक फेरीत १२ वेळा जमला, आणि शेवटी दोनपेक्षा जास्त शिल्लक वाटले, की ओझं वाढवायचं. खुर्चीसाठी छातीशी दोन किलोची पिशवी कवटाळा, मग तीन, मग पाच. नातवाची शाळेची सॅक आणि त्यात पाण्याच्या बाटल्या हा सगळ्यात सोयीचा प्रकार, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सरळ. ओझं वाढवलं की संख्या आठवर येईल. येऊ द्या, पुन्हा बारापर्यंत चढा.

दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन खांदे ताठ ठेवत घरात चाला. एक-एक मिनिटाच्या चार खेपा. मुठीची पकड, खांदे, पाठ, पाय, सगळ्यांना काम मिळतं. मंडईतून येताना रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली तर वेगळा वेळही काढावा लागत नाही.

चालण्यात थोडा बदल

आधीपासून चालणाऱ्यांसाठी ही आनंदाची गोष्ट. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि ज्येष्ठ माणसांना एक साधी पद्धत दिली. तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं रमत, असे पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांनी या लोकांच्या मांड्यांची ताकद आणि दमसास एका लयीत चालणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेला दिसला, वरचा रक्तदाबही जास्त उतरला. झपझप म्हणजे किती? दोन-चार शब्द बोलता येतात, पण अभंग म्हणता येत नाही, इतकं. हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, त्या गोळ्यांमुळे ठोके वाढत नाहीत. बोलण्याचीच खूण धरा.

तंतुकणिकांना या दमवणाऱ्या तीन मिनिटांचीच भूक असते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एका अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या माणसांनी बारा आठवडे सायकलवर असे जोराचे टप्पे घेतले तेव्हा त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची ऊर्जा बनवण्याची क्षमता ६९ टक्क्यांनी वाढली. त्यांच्यासोबत तोच व्यायाम करणाऱ्या तरुणांची ४९ टक्क्यांनी. पण खुर्चीचे दोन आठवडे झाल्याशिवाय झपझप चालायला जाऊ नका, आणि खड्डे, कुत्री, अंधार असलेल्या रस्त्यावर तर नकोच.

ताटात काय

कित्येक घरांत ज्येष्ठांचं जेवण असं असतं : सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी भाकरी आणि पातळ आमटी, रात्री मऊ भात आणि मेतकूट. "आता या वयात कितीसं लागतं?" हे वाक्य मला फार लागतं, कारण स्नायूंच्या बाबतीत खरं उलटं आहे. उतारवयात तेवढाच स्नायू बांधायला शरीराला जास्त प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची सर्वसाधारण शिफारस वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम आहे. ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम.

ते आपल्याच स्वयंपाकघरातून येतं. सकाळी दोन मुगाची धिरडी आणि कपभर दूध, साधारण १६ ग्रॅम. दुपारी भाकरीबरोबर वाटीभर मटकीची उसळ आणि वाटीभर दही, १७-१८ ग्रॅम. चारला मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, ७ ग्रॅम. रात्री भातावर चमचा उभा राहील असं घट्ट वरण, आणि ५० ग्रॅम पनीर किंवा दोन अंडी, १८ ते २० ग्रॅम. कवळी असेल तर पिठलं, पनीर, मऊ ऑम्लेट. मासे खाणाऱ्यांना काही सांगायलाच नको, सुकट-बोंबलांत प्रथिनं ठासून भरलेली असतात. एकादशीला नुसता साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट सढळ घाला आणि सोबत दूध-दही घ्या. प्रथिनं दिवसभरात वाटून घ्या, सगळी रात्रीवर ढकलू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

शाकाहारी ज्येष्ठांनी आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. ड जीवनसत्त्वही. 'पेशी तरुण करणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांवर पेन्शन घालवू नका, फार कळकळीने सांगते. स्नायूंच्या या झिजेवर मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. त्या पैशात महिनाभराचं पनीर आणि अंडी येतात.

जमिनीवरून उठण्याचा सराव

खुर्चीचा आकडा वयाच्या रेघेवर पोहोचला की हा सराव घरात कोणी असताना सुरू करा. सतरंजी अंथरा, शेजारी भिंतीला टेकवलेली खुर्ची. बसल्या जागी कुशीवर वळा, हात टेकून रांगत्या बाळासारखे गुडघ्यांवर या. खुर्चीपर्यंत रांगत जा, दोन्ही तळवे बैठकीवर. मजबूत पाय पुढे टाका, चवडा घट्ट रोवा, हात आणि तो पाय एकदम दाबत वर या, आणि वळून खुर्चीत बसा. लगेच चालू लागू नका, अंधारी येऊ शकते. गुडघा बदललेला असेल तर गुडघ्यावर भार द्यायचा की नाही हे शल्यविशारदांना विचारा.

कधी पडलात तर हीच वाट अंगात मुरलेली असते. घरात एकट्या राहणाऱ्यांना मी हा सराव आवर्जून सांगायला लागले आहे, कारण पडण्याइतकंच, किंबहुना जास्त, नुकसान तासन् तास जमिनीवर पडून राहण्याने होतं.

आजारपण आल्यावर

आई ७८ वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला, नऊ दिवस रुग्णालयात होती. घरी आल्यावर न्हाणीघराची चौकट दोन्ही हातांनी धरून ती उभी होती आणि एका पायरीवर पाय उचलत नव्हता, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं होतं. आजारी माणसाचं याहून जास्त जातं.

म्हणून ताप उतरताच, डॉक्टरांना विचारून, जेवणासाठी खाटेवरून खुर्चीत बसवा. पडल्या पडल्या घोटे वर-खाली, तासाला वीस वेळा. दूध, अंडं, वरण आधी, पेज नंतर. घरी आल्यावर आधीच्या निम्म्या ओझ्यापासून सुरुवात. आईला आम्ही दोन उशा ठेवलेल्या खुर्चीवरून पुन्हा सुरू केलं, दिवसाला तीन वेळा पाच-पाच. सहाव्या आठवड्यात उशा निघाल्या.

बारा आठवड्यांनी

तीच खुर्ची, तीच भिंत, तीच वेळ. सोफ्यावर किंवा दुसऱ्या खुर्चीवर मोजलंत तर आकडे जुळणार नाहीत. सरांचे नऊचे चौदा झाले, पण पोटरी अर्धाच सेंटिमीटर वाढली. असंच होतं, आधी मेंदू आणि नसा स्नायूंना एकजुटीने कामाला लावायला शिकतात, मांस त्यानंतर भरतं. त्यामुळे आरशात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.

यापुढे दर महिन्याच्या एक तारखेला ३० सेकंदांची मोजणी दिनदर्शिकेत लिहा. आकडा दोनने किंवा त्याहून जास्त घसरला आणि आजारपण, प्रवास, लग्नघर असं काही कारण सापडलं नाही, तर पान फाडून डॉक्टरांकडे घेऊन जा. साखर, थायरॉइड, बी-१२, एखादं नवं औषध, यांपैकी काहीतरी असू शकतं. "अशक्तपणा वाटतो" असं सांगण्यापेक्षा "जानेवारीत १३ होते, मार्चमध्ये १० आले" हे सांगितलं की तपासणीला नेमकी दिशा मिळते.